सौद्याचा पहिला घोट

“एका घोटानं काय होते बे?” गजेंद्र एकदा म्हणाला होता.

तो मोहगावचा, संत्र्याच्या बागांचा दलाल. झाडावरच्या मालाचा भाव ठरला की बागेतच बाटली उघडायची आणि मालकानं पहिला घोट घ्यायचा, त्याशिवाय त्याच्या लेखी सौदा पक्का होत नसे. असे सौदे करता करता त्यालाच दारू सुटेना. जामसांवलीच्या हनुमानापुढं घेतलेली शपथही मोडली, तेव्हा बायको छाया तिगावला माहेरी निघून गेली. “दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन बोला, मंग येतो मी,” एवढंच ती म्हणाली.

जवळच्या सौसरच्या बैठकीत सगळे ओळखीचे, म्हणून त्यानं पांढुर्ण्याची शोधून काढली. “या भाऊ, इथं सारे एकाच बाटलीतले,” एकानं हसून जागा दिली. गजेंद्र मनात वाक्य जुळवत बसला: मी गजेंद्र, मी बेवडा आहे.

त्याच्या आधी कुलदीप उठला. बाप वारल्यावर कुलदीपनं आपल्या बागेचा केलेला पहिला सौदा गजेंद्रनंच जुळवला होता. कुलदीप खाली बघूनच बोलत होता.

“मी पीत नव्हतो जी. दलाल म्हणे, एका घोटानं काय होते बे. बाग गेली, बायको गेली. पण त्याच्यावर राग नाही. तोही कुठंतरी पिऊनच राहिला असन.”

“आता तुम्ही बोला भाऊ. नाव नाही सांगितलं तरी चालते,” जागा देणारा गजेंद्रला म्हणाला.

गजेंद्र उठला. तोंड उघडलं असतं तर कुलदीपनं आवाज ओळखला असता. त्यानं दाराशी चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेर पडला.