निवळ आणि निवळी

बाई म्हणाल्या होत्या, "सर, निवळ घाला." परीक्षानळीनं निवळी घातली. एका वेलांटीचा तर फरक!

निवळ म्हणजे गाळ खाली बसल्यावर वर राहिलेलं तळ्याचं पाणी. निवळी चुन्याची. दोन्ही बाटल्या शेजारी, दोन्ही काचेसारख्या स्वच्छ. परीक्षानळी म्हणजे नवे सर. उंची आणि रुंदी पाहून सातवीनं केलेलं बारसं. आणि बरणी म्हणजे सातवीची परिसंस्था: तळाशी गाळ, मध्ये पाणवेल, आणि एक गोगलगाय. आज ती काठोकाठ भरून झाकण लावायचं होतं. पुढे आतल्यांनी एकमेकांवरच जगायचं.

पाणी दुधाळ झालं.

"सरांनी आपलं तळं मारलं?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"मारलं नाही गं. घाबरवलंय," बाई म्हणाल्या.

दुपारच्या तासाला बाई अर्ध्या झोपेत शिकवतात, अशी शाळेत ख्याती होती. सरांना आज कळलं की उरलेल्या अर्ध्या त्या बरणीत असतात. चहाच्या गाळणीनं बाईंनी गोगलगाय उचलली, वाटीतल्या तळ्याच्या पाण्यात ठेवली. ती दार लावून दगड झालेली.

"नळ्या घ्या रे. हळू फुंकायचं. आत ओढलंत तर याद राखा!"

बुडबुडे उठले. पाणी आणखी पांढरं झालं.

"बाई, जास्तच बिघडतंय हो!" सर म्हणाले.

"बिघडू दे. श्वासानं निवळी दुधाळ होते, हे कालच शिकवलंत ना?"

"तेवढंच शिकवलं. धडा तिथंच संपतो."

"मग पुढचा धडा पोरं फुंकतायत."

एरवी खिडक्या हलवणारा वर्ग नळ्यांवर वाकला. पाळीपाळीनं सगळे फुंकत होते. कुणाच्या श्वासात भांडण होतं, कुणाच्या अर्धवट गृहपाठ. सगळं बुडबुड्या-बुडबुड्यानं पाण्यात विरत होतं. ऊन बरणीत शिरून ढगासारखं अडकलं. सरांना वाटलं, आपण या ढगाच्या तळाशी उभे आहोत आणि वरून कुणीतरी हलकेच आपल्याला जिवंत करतंय.

मग त्या पांढऱ्यात एक हिरवी रेघ उमटली. पाणवेल! पाठोपाठ पानं, गाळ, पलीकडची खिडकी. फुंकत राहिलं की दुधाळ निवळी पुन्हा निवळते, हा तो पुढचा धडा.

बाईंनी गोगलगाय अलगद आत सोडली. दार बंदच. घंटा झाली, पण कुणी उठलं नाही. सरांनी तर श्वासच धरून ठेवला होता. कितीतरी वेळानं दार किलकिलं झालं आणि एक शिंग बाहेर आलं, जरासं रागावलेलं.

बाईंनी झाकण घट्ट फिरवलं.

"बाई, सरांनी फुंकलंच नाही!" तीच मुलगी.

"अगंबाई! आता झाकण नाही उघडायचं. सर, तुमची फुंकर उधार."

अजूनही, खिडकीतल्या बरणीपाशी कुणी नाही असं पाहून, परीक्षानळी वाकतात आणि बरणीवर हळूच फुंकर घालतात. काचेवर वाफेचा ठिपका धरतो, विरतो.

"बाहेरून चालत नाही हो," अर्ध्या झोपेतून बाई म्हणतात.