आधी सांगा, मग सही

आमच्या कॅज्युअल्टीत सगळे धावायचे. मोठ्या सिस्टर चालायच्या. स्ट्रेचर आत येवो, नातेवाइकांचा गलका होवो, त्यांची चाल बदलायची नाही. तरी रुग्णाच्या उशाशी पहिल्यांदा पोचलेल्या त्याच असायच्या. कोणी हडबडलं, की म्हणायच्या, "धावून काय होते? हात थरथरते."

मी तिथे संशोधनाच्या कामावर लागले होते. अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी एका औषधाची चाचणी चालू होती. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळायचे. त्याशिवाय अर्ध्यांना हे औषध, अर्ध्यांना नुसतं सलाईन. डबे हुबेहूब सारखे, वर फक्त नंबर. कोणत्यात काय, हे डॉक्टरांनाही माहीत नसे. अपघातापासून दोन तासांच्या आत डबा उघडायचा आणि त्याआधी नातेवाइकाची संमती घ्यायची. ती घेणं माझं काम.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी संमतीपत्र मी पाठ केलं होतं, तरी मान खाली घालून वाचायचे. समोरच्याकडे पाहायचं टळायचं. सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं. "कॉन्व्हेंट, कागदाले काहून सांगून राहिली वं? मानूस इकडं उभा हाय."

एका दुपारी कळमेश्वरचा एक कारखान्यातला कामगार आपल्या बेशुद्ध भावाला घेऊन आला. दोन तासांतली पंचवीस मिनिटं उरली होती. मी भराभरा वाचत गेले, तो "हो जी, हो जी" म्हणत गेला आणि सही करून मोकळा झाला. मी डब्याकडे वळले, तेवढ्यात सिस्टरांनी त्याला विचारलं, "भाऊ, सही कायची केली?"

"डोक्याच्या फोटोची," तो म्हणाला. सीटी स्कॅनला आमच्याकडे असंच म्हणतात.

माझे कान तापले. सिस्टरांनी त्या कागदावर आडवी रेघ मारली, त्याला बाकावर बसवलं आणि दोन डबे समोर धरले. "एकात औषध हाय, एकात नुसतं सलाईन. कोन्त्यात काय, ते मले मालूम नाही, डॉक्टरले मालूम नाही. औषधानं फायदा होते का, तेच पाहून राहिलो. तू नाही म्हनलं, तरी तुह्या भावाचा इलाज तेवढाच. आता सांग, म्या काय सांगितलं?"

त्यानं अडखळत सगळं सांगितलं. मग म्हणाला, "नको जी मंग."

"नको त नको," म्हणून सिस्टर त्याच्या भावाचं नेहमीचं सलाईन लावायला गेल्यासुद्धा.

मला रडू येत होतं. ही चाचणी चाललेल्या सगळ्या केंद्रांत आमचा संमतीचा आकडा सर्वांत कमी होता, आणि असंच चाललं तर आमचं केंद्र बंद करू, असं मुख्य केंद्राचं पत्र आलेलं होतं. मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "सिस्टर, अशानं आपलं सेंटर बंद पडेल."

"पडू दे. माही माय अडाणी होती. पन कारकुनाले दोनदा वाचाले लावल्याबिगर अंगठा देत नोती. मागं सारी रांग बोंबलत राहे."

त्या दिवसापासून आमचा नियम झाला : आधी सांगा, मग सही. मी कागद बाजूला ठेवून बोलायला शिकले. चार मिनिटं लागायची. नकार येत राहिले, पण ज्यांनी होकार दिला ते महिन्यानं तपासणीला न बोलावता येऊ लागले. आकडा मुंगीच्या पावलानं वाढला.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात मुख्य केंद्राचे तपासनीस आले. आकडे त्यांनी बाजूलाच ठेवले. एक संमतीपत्र उचलून त्यांनी त्यावरचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. सक्करदऱ्याच्या एक बाई होत्या. नवऱ्यासाठी त्यांनी सही केली होती.

"सही कशासाठी केली होती, आठवतं?"

मी फोनजवळ सरकले.

"दोन डब्बे होते," बाई म्हणाल्या. "एकात औषध, एकात सलाईन. कोन्त्यात काय, कोनालेच मालूम नोतं. मी नाही म्हनली असती, तरी इलाज तेवढाच भेटला असता. पन तुम्ही कोन बोलून राहिले? कायले पायजे हे तुमाले?"

तपासनिसांना आधी स्वतःचं नाव, मग काम, मग कारण सांगावं लागलं. बाईंनी तिन्ही गोष्टी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतल्या. तपासनिसांनी आणखी सात फोन केले. सातही जणांनी सगळं नीट सांगितलं.

केंद्र राहिलं. शिवाय इतर केंद्रांतली माणसं आमच्याकडे शिकायला पाठवायचं ठरलं आणि शिकवायला मला उभं केलं. भरलेला हॉल पाहून मी पहिली दोन वाक्यं मान खाली घालून पुटपुटले. मोठ्या सिस्टरही मुद्दाम आल्या होत्या, शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. तिथून आवाज आला, "कॉन्व्हेंट, मागं आयकू येऊन नाही राहिलं!" सगळे हसले. मीही हसले आणि पुन्हा सुरुवात केली.

शेवटी एका मुलीनं विचारलं, "सगळं समजून घेऊनही नातेवाईक नाही म्हणाले, आणि वेळ संपत आली असेल, तर?"

"तर डबा बंद ठेवायचा," मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "आणि पेशंटकडे जायचं."