एका पडद्यावर दोन खिडक्या

धामणगाव बढ्याला प्रज्ञाचं कॉम्प्युटर सेंटर आहे. बाहेर बाकडं, अन् बाकड्यावर मी. अशा ठिकाणी माणूस बसला की किस्से आपोआप जमतात, कपड्याला कुसळं चिकटतात तसे! मला लिहिता-वाचता येत नाही. मी बैलांमागं राहिलो, धाकटा किसन चौथीपर्यंत शिकला. हे मी बोलतो अन् प्रज्ञा टाइप करते.

एक आधीच सांगून ठेवतो. किसनचं अन् माझं शेत लागून, मधात धुरा, म्हणजे बांध. एका साली मी कपाशीची शेवटची ओळ त्या धुऱ्यावरच पेरली. तेव्हापासून बोलणं बंद.

* * *

प्रज्ञा आधी एका खिडकीवर दुसरी खिडकी उघडायची. खालचं पाहायला वरचं बाजूला करा, पुन्हा वरचं शोधा. एक दिवस तिनं दोन्ही खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

शेजारचे रहीमभाई गाद्या भरतात. ते चष्मा वर करून म्हणाले, "पोरीनं कपाशीत तूर पेरली!"

तेव्हापासून गावानं त्याला तेच नाव दिलं. सारे येऊन सांगत, "प्रज्ञा, तुरीवालं लाव."

* * *

पाऊस लांबला होता. डाव्या खिडकीत हवामान सांगत होतं, उद्या पाणी. उजवीकडं दुसरं, आठवडाभर कोरडं. सरकी टोबून पेरायची की नाही, सारे घाबरे.

"यातलं खरं कोणतं, बाई?" एकानं विचारलं.

रहीमभाई म्हणाले, "दोघायले आमनेसामने बसवलं ना? आता भांडू दे. जो जिंकन, त्याचं ऐकू!"

* * *

बोंडअळीचं साल होतं. कमलबाई पदराच्या गाठीत बोंड बांधून आली. प्रज्ञानं एकीकडं गुलाबी अळीचा फोटो लावला, दुसरीकडं उपाय. कमलबाईनं बोंड फोडलं अन् पडद्याला लावूनच धरलं.

"फोटोतली जाड हाय व माय. माही बारीक हाय."

"मग आज्जी, वेगळी असन का?"

"वेगळी कायची? खाते तं सारखीच!"

कोणी हसलं नाही. अळी कीबोर्डवर उतरली होती.

* * *

बियाण्याच्या थैलीसंगं एक लहान पुडी मिळायची. आम्ही ती फेकून देत होतो. एकदा मी विचारलं, "काऊन देत असतीन ती?"

प्रज्ञानं वाचून दाखवलं, "आबा, ती साध्या, बिगर-बीटी कपाशीची. शेताच्या कडेनं पेरायची. काही अळ्या तिच्यावर जगल्या, तर साऱ्याच बीटीच्या विषाला निबर होत नाहीत."

रहीमभाईनं हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे कड सोडाची होती. आपुन कडही खाल्ली."

मी बाकड्यावर जाऊन बसलो. पुडी मीच फेकली होती, अन् ओळही मीच पेरली होती.

* * *

नुकसानीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. लाइन दारापर्यंत. माझा नंबर आला, माझ्यामागं किसन!

"दोघांचे संगंच भरते," प्रज्ञा म्हणाली. डावी खिडकी माझी, उजवी त्याची. दोन स्टुलं, मधात वीतभर जागा.

"आबा, पूर्वेला कोणाचं शेत?"

"किसनचं." कितीक वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं.

"किसनकाका, पश्चिमेला?"

"दादाचं."

"नाव सांगा ना."

"मोठ्याचं नाव घेत नसतेत, बाई."

प्रज्ञानं सातबाऱ्यात पाहून नाव टाकलं. तेवढ्यात तिचा हात लागून मधली रेघ हलली.

"ओ ताई!" किसन उठलाच. "त्याहिची खिडकी माह्याकडं सरकली!"

"अल्ला! इथंबी धुरा!" रहीमभाई दारातून ओरडले. सारे हसले. मी मान खाली घातली. प्रज्ञानं रेघ बरोबर मधात आणली अन् प्रिंटरचा कागद आणायला आत गेली.

किसननं इकडं-तिकडं पाहिलं. माऊस धरला. रेघ हळूहळू सरकवत स्वतःच्या अंगाकडं नेली, पार त्याची खिडकी पट्टीएवढी उरेपर्यंत. माझा फॉर्म पडदाभर झाला.

प्रज्ञा आली, म्हणाली, "हे कोणी केलं?"

किसन पडद्याकडंच पाहत म्हणाला,

"राहू दे. दादाले बारीक वाचता येत नाई."