चिकटवलेली बाजू

एनॉक टॅपली इंग्लंडातल्या लडलो गावात खोगिरं शिवायचा आणि उरलेल्या वेळात ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी जुनी पुस्तकं वाचायचा. नवलाचा शब्द दिसला, की चिठ्ठीवर शब्द, साल, पान आणि वाक्य लिहून टपालात टाकायचं, असं हे बिनपगारी काम. अक्षर गचाळ, म्हणून स्वतःच्या मालकीची पुस्तकं तो सरळ कात्रीनं कापायचा आणि तुकडा खळीनं चिठ्ठीवर डकवायचा. उरलेली पानं बहीण टॅबिथा चुलीत घालायची. एकोणीस वर्षांत चार हजार चिठ्ठ्या गेल्या.

मग कोशकचेरीचं पत्र आलं. 'रीझन' या शब्दाची कुळी लागली होती. लॅटिनमध्ये तो हिशेब होता, फ्रेंचांकडून इंग्लंडात आला आणि इथे माणसाची तर्कबुद्धी झाला. पण या अर्थाचा मधल्या साठ वर्षांतला एकही पुरावा नव्हता. वाचकांनी दुर्मिळ शब्द पोत्यानं पाठवले. रोजच्या शब्दाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या काळातल्या एका खेडवळ पाद्र्याच्या प्रवचनांच्या पुस्तकातलं एक वाक्य एनॉकला तोंडपाठ होतं: 'बैल आणि माणूस यांत फरक एवढाच, की माणसाला रीझन असते, रविवारी मात्र तो ती देवळाबाहेर ठेवून येतो.' वाचून तो पोट धरून हसला होता आणि शब्द साधा म्हणून पुढे गेला होता. नुसतं आठवणीतलं वाक्य कोशाला चालत नसे, आणि त्या पुस्तकाची दुसरी प्रत कुणी पाहिलेली नव्हती.

"जाळलंस का गं ते?" त्यानं विचारलं.

"तूच म्हणालास, कामाचं कापून घेतलंय."

पाठवण्याआधीच पुरावा जाळणारा वाचक आपणच, या विचारानं तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्याला आठवलं. त्याच पानातून त्यानं बैलाच्या ढेकराचा एक शब्द कापला होता. प्रवचनाचं वाक्य त्याच तुकड्याच्या पाठीला होतं, म्हणजे ते इतकी वर्षं ऑक्सफर्डमध्येच खळीत पालथं पडलं होतं. लाज गिळून त्यानं कचेरीला लिहून सगळं कबूल केलं आणि चिठ्ठी वाफेवर धरून तुकडा सोडवायची विनंती केली.

वर्षभरानं कोशाचा छापील भाग आला. साल बरोबर होतं, पाद्र्याचं नाव बरोबर होतं. वाक्य मात्र एवढंच: 'माणसाला रीझन असते.' मागचं-पुढचं सगळं खळीनं खाल्लं होतं.

एनॉकनं ती ओळ दोनदा वाचली. डोळे भरून आले होते, ते त्यानं पुसले नाहीत. टॅबिथा खांद्यावरून डोकावली.

"छापलंय खरं," ती म्हणाली. "पण तुला बघून छापलेलं दिसत नाही."