विनयकाकांचं पहिलं ‘नाही’

विनयकाकांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळींना चाळीस वर्षं माहीत आहे आणि सगळ्यांनी त्याचा मनसोक्त फायदा घेतला आहे. त्यात मीही आले, हे आधीच कबूल करून टाकते. कुणाच्या सासूबाईंना एअरपोर्टवरून आणायचं असो, गणपतीचं मखर करायचं असो, काका ‘हो’ म्हणून मोकळे. रिटायर झाल्यावर तर त्यांना सवडच सवड मिळाली.

या स्वभावाची झळ नीलांबरीमावशीला लागली. मावशी म्हणजे काकांची बायको आणि माझ्या आईची नागपूरची मैत्रीण. पॅथॉलॉजिस्ट होती, पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली. अमेरिकेत तिने केलेला प्रत्येक प्रवास एका मराठी घरातून निघाला आणि दुसऱ्या मराठी घरात पोचला. ग्रँड कॅन्यन तिने चाळीस मिनिटं पाहिलं, कारण फिनिक्सला कुणीतरी पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या.

तिच्या लॅबमध्ये एक कॅलेंडर यायचं. एका वर्षी त्याच्या जुलैच्या पानावर पफिन होता. काळा पक्षी, पांढरा चेहरा, जाडजूड नारंगी चोच आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना मागे वळवलेले पिवळे तुरे. वर्ष संपलं तरी मावशीने ते पान भिंतीवरून काढलं नाही. रिटायर झाली त्या दिवशी घरी घेऊन आली.

या वर्षी तिने दोन बॅकपॅक आणि एक तंबू विकत घेतला आणि काकांना सांगितलं, “कॉलेजची मुलं परदेशात फिरतात ना, तसं फिरायचं. कुणाच्या घरी उतरायचं नाही.” सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला मुलाकडे, परीक्षितकडे विमानाने जायचं, तिथून गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने खाली कॅलिफोर्नियापर्यंत. वाटेत पफिन, सील, पाणमांजरं. पफिन ऑगस्टच्या सुरुवातीला किनारा सोडून समुद्रात निघून जातात, म्हणून तिने जुलैचे शेवटचे दिवस धरले आणि कॅनन बीचजवळच्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री बुक केल्या. तिथे वाळूतच एक प्रचंड खडक आहे, त्यावर पफिन घरटी करतात. सकाळच्या ओहोटीला खडकाच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं.

काकांनी हा सगळा रूट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

मी पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहते. मी लगेच फोन केला. “काका, माझ्या घरावरून जाणार आणि चहाला येणार नाही?” काका म्हणाले, “येतो की.” चहाचं जेवण झालं, जेवणाचा मुक्काम झाला. तंबूतली पहिली रात्र माझ्या गेस्ट रूममध्ये गेली. मावशी एवढंच म्हणाली, “नेत्रा, सकाळी पाचला निघायचंय हं. सातला ओहोटी आहे.”

मी चारला उठून पोहे केले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण उपाशी कसं पाठवायचं? मग डबा भरला. मग लक्षात आलं, मावशी पहिल्यांदा माझ्या घरी आली आहे, ओटी भरल्याशिवाय कशी जाऊ देणार? नारळ सापडेना. शेजारच्या रुहीला उठवून तिच्याकडून आणला. मावशी पाठीला सॅक लावून दारात उभी होती, ती सॅक उतरवून पाटावर बसली. मी तिच्या ओटीत तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस घातला. पदर नव्हता, म्हणून तिने रेनकोट पसरला. काका नुसते घड्याळाकडे बघत होते. निघायला पावणेसात झाले.

दहा वाजता मावशीचा मेसेज आला. “भरती आली होती. पक्षी समुद्रात गेले होते. दुर्बिणीवाले लोक म्हणाले, आता तीन-चारच उरलेत, कधीही जातील. पोहे छान झाले होते.”

त्या शेवटच्या वाक्याने माझा जीव गेला. ती रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं. मी ऑफिसमध्ये हाफ डे टाकला आणि गाडी काढली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून उरलेले पोहेही घेतले. माणूस सुधारत नाही.

कॅम्पग्राउंडवर पोचले तेव्हा दोघं तंबूशी झटत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. युजीनचे सुमंत, काकांचे जुने रूममेट. तंबूतली दुसरी रात्र काकांनी त्यांच्या घरच्या मुक्कामाला देऊन टाकली होती, हे मला तेव्हा कळलं. मावशीला माहीत होतं.

“हो. हो, आहोत इथेच,” काका म्हणत होते. “अरे वा, बारा जण? श्रीखंड घरी केलंस? हो... तीन-साडेतीन तास लागतील.”

मावशीने तंबूचा एक खुंटा उपटला. मग दुसरा. तिचा चेहरा अगदी शांत होता, आणि मला वाटलं, ग्रँड कॅन्यनलाही ती अशीच गाडीत जाऊन बसली असेल. काका तिच्याकडे बघत होते. तिने तिसऱ्या खुंट्याला हात घातला.

“नाही, सुमंत,” काका म्हणाले.

मावशीचा हात थांबला.

“नाही म्हणजे, येत नाही. तब्येत मस्त आहे. नीलाला पफिन बघायचाय. पक्षी, यार, पक्षी. पुढच्या वर्षी नाही, उद्याच. श्रीखंड फ्रीझ कर.” फोन ठेवला तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता. ते माझ्याकडे वळले. “आणि नेत्रा, तुझ्या हातात काय आहे?”

“पोहे.”

“नाही,” काका म्हणाले. एकदा जमल्यावर त्यांना चव लागली होती. “उद्या पक्षी दिसेपर्यंत नाही. चहासुद्धा नाही.”

इतकी वर्षं ओळखते, पण काकांनी मला पहिल्यांदा झिडकारलं, आणि मला इतका आनंद झाला की मी खुंटे ठोकायला बसले. रात्री मी गाडीत झोपले. माझी शिक्षा मीच ठरवली होती.

सकाळी आम्ही उपाशीपोटी सहाला वाळूवर होतो. धुकं होतं. खडकाजवळ तिपाईवर एका डोळ्याने बघायची दुर्बीण लावून एक बाई उभी होती. तिने वर गवताच्या पट्ट्याकडे दुर्बीण फिरवली आणि मावशीला पुढे बोलावलं. मावशी वाकली. एक डोळा दुर्बिणीला, पण दुसरा मिटला नाही. पस्तीस वर्षांची मायक्रोस्कोपची सवय.

“चोच नारंगी,” ती रिपोर्ट सांगावा तशी सांगू लागली. “पाय नारंगी. तुरे पिवळे, दोन्हीकडे. चोचीत मासे, तीन... नाही, चार.” मग ती थांबली. पक्षी घरट्यात शिरला असेल, असं मला वाटलं. पण ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलत होते.

“दिसतोय?” काकांनी विचारलं.

“दिसतोय. पानावर होता तस्साच.”

“मग सरक. मला बघू दे.”

“नाही,” मावशी म्हणाली.

काका मागे सरकले आणि वाट बघत उभे राहिले. पुरी दहा मिनिटं. मग मावशीने डोळा न काढताच माझ्या दिशेने हात पसरला.

“नेत्रा, आण ते पोहे.”