कुंकू लावलेली कवटी

लातूरच्या एका मंडपवाल्याने मला फसवलं. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला समुद्री चाच्यांचं जहाज देतो म्हणाला आणि लग्नातला थर्माकोलचा हंस पाठवला. नव्या ताडपत्रीचा वास आला की ती दुपार आठवते. लेकीने अख्ख्या वर्गाला जहाजाचं सांगून ठेवलं होतं. हंस बघून ती पलंगाखाली जाऊन बसली, बाहेरच येईना. मी फोनवर ओरडलो, तर तो म्हणाला, "भाऊ, जहाजावर कवटी आली. लेकराला अपशकुन व्हतो." माझा आवाज ऐकून शेजारचा ताडपत्रीवाला बाहेर आला. भाव करताना मी त्याला वाटेल ते बोललो होतो, म्हणून वर्षभर आमचा अबोला होता. "वरडून जहाज येतंय का? ट्रॉली काढ," तो म्हणाला. त्याने माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबू उभे केले, काळ्या ताडपत्रीचं शीड ताणलं आणि त्यावर चुन्याने कवटी काढली. माझी आई दारातूनच म्हणाली, "ते कवटीचं नगं बाबा." त्याने कवटीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. "घ्या मावशी, झाली सवाष्ण!" आई हसत सुटली, आणि ते हसू ऐकून पलंगाखालून निघालेली लेक थेट ट्रॉलीवर चढली. त्या माणसाशी मी आजवर घासाघीस केलेली नाही, आणि माझ्यासारख्यासाठी ही लहान गोष्ट नाही. पण मंडपवाल्या, कवटी तुला अशुभ वाटत होती, तर जहाजाचं कबूल का केलंस? मला नको, माझ्या लेकीला येऊन उत्तर दे.