इट्टो कुणाचीच नोकर नव्हती

मेकनेस शहरातल्या आमच्या गल्लीत लग्नाआधी इट्टोच्या हाताखालून गेली नाही अशी नवरी सापडायची नाही. हाज बूअज्जाच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, ती बायकांची अंगं घासून द्यायची. मीही तिथेच घासते. बाई गरम फरशीवर पालथी पडली की खरखरीत हातमोजा चढवायचा आणि मळाच्या वळ्या निघेपर्यंत सोडायचं नाही. पैसे त्या बाईनं द्यायचे, हाजनं नाही. हाज फक्त यायची वेळ ठरवायचा, कुणी कुठल्या कोपऱ्यात बसायचं ते सांगायचा आणि स्वतःच्या बायकोच्या बहिणींना आमच्याकडून फुकटात घासून घ्यायचा.

एका गुरुवारी, गर्दीच्या वेळी, इट्टो साबणावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं नाही तर ही आयुष्यभर लंगडेल. हाज संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला आला. खर्चाचं काढल्याबरोबर उठला. "मी का देऊ? ती काय माझी नोकर आहे?"

इट्टोनं भरपाईचा दावा लावला, आणि कोर्टात नेमकं तेच ठरायचं होतं. नोकर ठरली तर हाजनं भरपाई द्यायची. स्वतःचा धंदा करणारी ठरली तर पडली ती तिची ती पडली. तिच्या वकीलबाईनं तिला मानानं लल्ला म्हणत दहादा पढवलं, "लल्ला इट्टो, एवढंच सांगा, हाज म्हणेल तसं मला करावं लागायचं."

निकालाच्या आधी जबानी झाली तेव्हा निम्मी गल्ली मागच्या बाकांवर होती. न्यायाधीशांनी विचारलं, "बादली, हातमोजा कुणाचा?"

"माझा. दुसरीच्या मोज्याला मी शिवत नाही, सिदी."

"कसं घासायचं ते हाज सांगायचे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. काठ्यांवर उभ्या इट्टोची मान ताठ झाली. "हाज? मला? त्याच्या आईला घासलंय मी. त्याची काय टाप!"

वकीलबाईनं डोळे मिटून घेतले.

"एखाद्या दिवशी येता आलं नाही तर?"

"बहिणीला पाठवायची. गिऱ्हाईक कधी परत जाऊ दिलं नाही."

"हाजना विचारून?"

"त्याला कशाला विचारू? मी माझी मालकीण आहे."

मी मनातल्या मनात ओरडत होते. अगं बये, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा हाजनं सुट्टी दिली नाही, 'येत नसलीस तर बदली बाई आण' म्हणाला, म्हणून बहिणीला पाठवलंस ना? ते सांग की! पण ज्यांना नवऱ्या म्हणून सजवलं त्यांच्यासमोर ती कसली सांगतेय. तिच्याकडे तेवढा ताठाच होता आणि कायद्यानं तोच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरला. कायद्याला कुणी शिकवलं असेल असलं शहाणपण, देव जाणे. मला अजून त्या कोर्टाचा संताप येतो, आणि इट्टोचाही येतो.

निकाल लागला. इट्टो नोकर नाही, ती स्वतंत्र व्यावसायिक आहे. ऑपरेशन झालं नाही. घरातल्या घरात भिंत धरून चालते आता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मला हमामात पोचायला जरा उशीर झाला. हाज बाहेरच्या दारात उभा.

"ही काय यायची वेळ?"

"कालच कोर्टानं सांगितलं ना, आम्ही स्वतंत्र आहोत म्हणून."

"मग जा की स्वतंत्र. तुझ्या जागेवर बसायला दोघी तयार आहेत."

"उद्यापासून वेळेवर येईन, हाज," मी म्हणाले.